आत्याकडची शहाणी मुलगी

ताईंचा फोन आला तेव्हा मी एका कोटाचं अस्तर उसवत होते. कोटाचा मालक असा काही सुटला होता की दोन्ही बगलांतून कापड सोडल्याशिवाय बटण लागायची आशाच नव्हती. उसवताना लक्ष हटलं की अस्तर फाटतं, म्हणून फोन खांद्यात धरला आणि हात चालूच ठेवले. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. दुसऱ्या गावी एकट्याच राहतात, रोपवाटिका चालवतात. सुट्टी लागल्यापासून आमची भिंगरी त्यांच्याकडे होती.

ताई म्हणाल्या, मुलगी अगदी सोन्यासारखी आहे. आल्यापासून एकदाही ओरडली नाही, एकदाही काही फेकलं नाही, ताटातलं सगळं खाते, विचारल्याशिवाय उठत नाही. मग जरा थांबून मुद्द्यावर आल्या. त्यांच्या गावातल्या शाळेत एक जागा आहे, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत, सोमवारी होय-नाही कळवायचंय. हे वर्ष तिला इथेच राहू दे, पुढचं पुढे बघू. मी विचारलं, तिला विचारलंत का. त्यावर म्हणाल्या, अगं तिला आवडतंय हे मला दिसतं ना, लहान मुलांना असलं काय विचारायचं.

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. दुकानाचे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, समोरच्या मेजावर पँट कापत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही वाईट बातमी आहे का विचारलं. मी म्हटलं, नाही, चांगलीच आहे. आणि खरं सांगायचं तर मला काहीही वाटलं नाही. पोटची पोर वर्षभर लांब जाणार, आणि मी त्या कोटाची शिवण बोटाने चाचपून बघत होते की आत अजून किती कापड शिल्लक आहे.

भिंगरी हे नाव माझ्या वडिलांनी ठेवलं. ती चालायला लागली ती पळतच, तेव्हा त्या नावाचं केवढं कौतुक होतं घरात. आता ती आठ वर्षांची आहे आणि त्या नावाला कुणी हसत नाही. तिला एडीएचडी आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा आम्हाला वाटलं, म्हणजे एका जागी बसत नाही, विसरते, एवढंच ना? एवढंच असतं तर मी पेढे नाही तरी बिस्किटं वाटली असती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही मुलं नुसती चुळबुळी नसतात. राग, दुःख, आनंद, सगळंच त्यांच्या अंगावर एकदम येतं, आणि थांबवायचं कसं ते त्यांनाही कळत नाही. ती मुद्दाम करत नाही, हे आधी तुमच्या मनाला पटवा.

पटवलं. पण मनाला पटलं म्हणून कानाला पटतं असं नाही. मोजा पायात वाकडा बसला, झालं. बिस्किट अर्धं तुटलं, झालं. खेळात बाद झाली, हिरवा रंग संपला, बाबाने दार तिच्याआधी उघडलं, झालं. आधी चेहरा लाल व्हायचा, मग असा आवाज निघायचा की खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून यायच्या. हाताला लागेल ते उडायचं. कुणी धरायला गेलं तर लाथा, चावे. आणि मग सगळं संपल्यावर तीच पोर माझ्या पायाला मिठी मारून हुंदके द्यायची आणि विचारायची, आई, मी वाईट आहे का. दर वेळी तोच प्रश्न. गोळीने शाळेतल्या वेळेत पुष्कळ फरक पडला, नाही असं नाही. पण संध्याकाळी गोळीचा अंमल ओसरायचा आणि मग आमची पाळी.

सल्ले देणाऱ्यांना तर काय, ऊतच आला होता. कुणी म्हणे दोन लगावून द्या. कुणी म्हणे लाड फार झाले, कुणी म्हणे लाड कमी पडले. साखर बंद करा, मोबाईल बंद करा, तुमची नोकरी बंद करा. शाळेतल्या एका आईने तर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, सगळं झकास आहे, फक्त कप उरले नाहीत, तुमच्याकडे जास्तीचे असतील तर पाठवा. तेव्हा मी असं बोलू शकत होते अजून.

नंतर बंद झालं. त्याचं कारण डॉक्टरीणबाईंचा एक साधा सल्ला. त्या म्हणाल्या, तुमचा आवाज चढला की तिचा चढतो. ती बिथरली की तुम्ही शांत राहा, कमी बोला, चेहरा साधा ठेवा. ओसरलं की मग तिला जवळ घ्या, बोला. सल्ला चांगला होता, मी त्यांना दोष देत नाही. मी त्यातलं पहिलं अर्धं मन लावून शिकले. आरशासमोर उभी राहून शिकले. भुवया सैल, ओठ सैल, डोळे तिच्या कपाळावर. पोर माझ्या पोटात डोकं आपटत असायची आणि माझा चेहरा बस स्टॉपवर उभ्या असलेल्या बाईसारखा. फक्त ओसरल्यावर जवळ घ्यायचं जे दुसरं अर्धं होतं, तिथपर्यंत माझ्याजवळ काही उरायचं नाही. घ्यायचे मी जवळ. हात फिरवायचे पाठीवरून. पण ते हातच फिरायचे.

आमच्या धंद्यात मखमलीवर इस्त्री एकदा चुकून जास्त दाबली गेली की तिची लव बसते ती बसतेच, मग वाफ द्या नाहीतर ब्रश फिरवा. माझं तसंच झालं. चेहरा साधा ठेवता ठेवता तो साधाच राहिला. गिऱ्हाइकांशीही तोच, नवऱ्याशीही तोच. तो विनोद करायचा तेव्हा मला कळायचं की विनोद झालाय. माझ्या वडिलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हाही मी कागदपत्रं, औषधं, डबा सगळं चोख केलं, आणि भाऊ म्हणाला, तू दगडाची आहेस का गं. मला त्याचाही राग आला नाही. वडील बरे होऊन घरी आले, तेव्हा आनंदही झाला नाही.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कधीही फोन येतो, कुणीतरी कुठेतरी अडकलेलं असतं, आणि तो पळतो. घरात जरा तारस्वर लागला की मला वाटायचं, आता कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट बंद पडणार, आणि पडायचीच. माणूस वाईट नाही. पोरीवर त्याचा जीव आहे, ती शांत असली की तिला खांद्यावर घेऊन घरभर नाचतो. पण ती बिथरली की तो पाना-पकडीची पिशवी उचलतो.

ताईंचा निरोप सांगितला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाला, तू ठरव. मला माहीत होतं तो हेच म्हणणार. मी ठरवलं म्हणजे उद्या काही बिनसलं तर तेही माझ्याच पदरात. त्याने विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, मला झोप येतेय. आणि खरंच येत होती. पोर गेल्यापासून मी अशी झोपत होते की उशीची घडी गालावर उमटायची. चहा गरम असताना संपत होता. भांडी धुवून ठेवली की सकाळी तेवढीच सापडत होती. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा इतक्या गोड हसल्या की त्यांना दात आहेत हे मला तेव्हा कळलं.

म्हणून मी ठरवलं. राहू दे तिला तिथे. तिचं भलं होतंय, ताईंचं घर भरतंय, आणि मला नुसतं बसायला मिळतंय. यात वाईट कुणाचंच नव्हतं. मी रविवारी जाऊन तिचे उरलेले कपडे पोचवायचे आणि ताईंना हो सांगायचं, असं ठरलं.

शनिवारी दुकानात काम कमी होतं, तेव्हा तिचे कपडे मी तिथेच घेऊन गेले. दोन चांगले फ्रॉक होते, थंडीचे स्वेटर, एक जाड पँट. पोरं वर्षात किती वाढतात हे मला डोळे मिटून सांगता येतं, धंदाच तो. फ्रॉकांच्या खालच्या दुमडी उसवल्या, पुढच्या वर्षभराची वाढ धरून आत कापड ठेवलं आणि हातानेच कच्ची तुरपाई घातली, म्हणजे ताईंना गरज पडेल तशी एकेक ओळ सोडता यावी. बाह्यांनाही तसंच केलं. मास्तर बघत होते. म्हणाले, बाई, कोण परदेशी चाललंय का. मी म्हटलं, आत्याकडे. त्यांनी पुन्हा कात्री हातात घेतली. टाके एकसारखे आले होते, हात जराही हलला नव्हता, आणि मला बरं वाटलं की हात हलला नाही.

बसने ताईंच्या गावी पोचायला दुपार झाली. रोपवाटिका रस्त्याला लागूनच आहे. हिरव्या जाळीच्या मांडवाखाली काळ्या पिशव्यांतून रोपांच्या रांगा, ओल्या मातीचा वास, एका बाजूला नळी आणि पाण्याचं पिंप. मी फाटक लोटलं आणि पोर मांडवाच्या टोकाकडून येताना दिसली. चालत येत होती. माझी पोर कधी चालत नाही. दारापासून संडासापर्यंतही ती पळत जाते. ती एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आली, दोन्ही हातांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "आई, प्रवास कसा झाला?"

मी म्हटलं, बरा झाला. पाणी प्यायले. काय करणार?

ताई मागून आल्या, त्यांचा चेहरा फुलला होता. बघ, म्हणाल्या, मी सांगत होते ना. मग त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं. पोर पिशव्यांत माती भरते, तिचा हात इतका चलाख आहे की ताईंनाही जमत नाही. कुठल्या रोपाला किती पाणी हे तिला पाठ आहे. आणि ते खोटं नव्हतं हो. मातीत हात घातले की तिचे खांदे खाली यायचे, तोंड जरा उघडं राहायचं, ती खरंच रमायची. ताईंनी तिच्यासाठी छोटं फावडं आणलं होतं, उन्हाची टोपी आणली होती. तिच्या उशाशी दिवा लावून दिला होता, तिला अंधाराची भीती वाटते म्हणून. मी इतकं सगळं कधी केलं होतं मला आठवेना.

जेवायला बसलो. पोर हात मांड्यांखाली घालून बसली होती, वाढून होईपर्यंत. मग हात काढले, जेवली, मधे एकदाही उठली नाही. ताई भाजी वाढत होत्या आणि त्यांचंच मनगट लागून पोरीचा पेला कलंडला. पाणी तिच्या मांडीवर, जमिनीवर. मी आपोआप चेहरा सैल केला आणि वाट बघू लागले. काहीच झालं नाही. ती म्हणाली, "चुकलं, आत्या. मी पुसते." फडकं आणलं आणि गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. ताईंनी माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मी फडक्याकडे पाहत होते. ती ते इतकं आवळून धरत होती की तिची बोटं पांढरी पडली होती, आणि पाणी पुसून झाल्यावरही ती पुसत राहिली. मग तिने मान वर केली. भुवया सैल, ओठ सैल, डोळे माझ्या कपाळावर.

तो चेहरा माझा होता. मी तिला समोर बसवून रोज दाखवलेला. ती तो जसाच्या तसा उचलून घेऊन आली होती.

मी तेव्हाही "छान" म्हणाले. सवय झाली होती.

जेवणानंतर पोर पुन्हा मांडवात गेली आणि मी आतल्या खोलीत कपडे लावायला घेतले. ताईंनी कपाटातला एक अख्खा खण तिला दिला होता. त्यातल्या घड्या थोड्या सरकवून जागा करावी म्हणून मी वरचा फ्रॉक उचलला तर त्याची कॉलर नव्हतीच. म्हणजे होती, पण चोथा झालेली. दुसऱ्याची तशीच. तिसऱ्याची बाही मनगटाशी दोऱ्यादोऱ्यांची झाली होती. दिवसभर मी उसवलेलं कापड बघते, हे काही कात्रीने, ब्लेडने किंवा अडकून झालेलं नव्हतं. कापड ओलं करून, चावून, पुन्हा ओलं करून, पुन्हा चावून असं होतं. मी उशी उलटी केली. अभ्र्याच्या एका कोपऱ्याला माझी मूठ जाईल एवढं भोक होतं आणि आतला कापूस बाहेर आला होता.

ताई दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं हो, ते सांगायचं राहिलं, घरात उंदीर झालाय. मी पिंजरा लावलाय, पण काही सापडत नाही."

पलंगाखाली पिंजरा होता. त्यात खोबऱ्याचा तुकडा वाळून गेला होता. मी वाकून तो बघितला आणि मला हसू यायला हवं होतं असं वाटलं. ताई कुणीतरी गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेल्या. मी पलंगावर बसून राहिले, फ्रॉक मांडीवर घेऊन.

पोर आत आली. तिचे हात मातीने भरलेले होते, ते तिने अंगापासून लांब धरले होते, कुठे लागू नयेत म्हणून. तिची नजर माझ्या उघड्या पिशवीवर गेली. मग माझ्याकडे, मग पुन्हा पिशवीवर.

"हे सगळे माझे कपडे?"

"हो."

"थंडीचे पण?"

"हो."

तिने बराच वेळ स्वेटरकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, तू अजून बरी नाही झालीस?"

मला काय झालंय, असं मी विचारलं. तर म्हणाली, "बाबा म्हणाला, आई दमलीये. तू आत्याकडे शहाण्यासारखी वागलीस तर आई लवकर बरी होईल आणि तुला न्यायला येईल." मग आवाज जराही न चढवता ती पुढे म्हणाली, "मी एकदाही ओरडले नाही. आत्याला विचार. मी उशीत पण हळूच चावते. अजून किती चांगलं वागायचं?"

म्हणजे ती घरी यायला मिळावं म्हणून शहाणी वागत होती, आणि ती शहाणी वागते म्हणून आम्ही तिला इथे ठेवणार होतो. ती अजून चांगली वागली असती, तर आम्ही अजून निर्धास्त झालो असतो. तिला हे कधीच कळलं नसतं. ती चावत राहिली असती, ताई पिंजऱ्यातलं खोबरं बदलत राहिल्या असत्या आणि मी महिन्याला एकदा येऊन तुरपाईची एक ओळ सोडून गेले असते.

मला भीती वाटली. आधी कळेनाच की हे काय होतंय, इतक्या महिन्यांत काही वाटलंच नव्हतं.

ती माझ्या अगदी जवळ आली आणि कानाशी लागली. मातीचे हात अजून लांबच. "आई," ती कुजबुजली, "मला ओरडायचंय. इथे ओरडले तर ते वाईट वागण्यात धरणार का?"

मी तिचे हात तसेच मातीसकट धरले आणि बाहेर गेले. ताई पिंपाजवळ उभ्या होत्या. मी म्हटलं, ताई, मी हिला घेऊन जाते.

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "अगं पण इथे ती किती शहाणी वागते."

"म्हणूनच."

त्यांना ते समजलं की नाही कोण जाणे. त्या पिंपाच्या कडेवर हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, माझं कुठे काय कमी पडलं ते तरी सांग. मी म्हटलं, काहीही कमी पडलं नाही, माझ्यापेक्षा जास्तच केलंत. हे खरं होतं, आणि खरं असूनही त्यांना लागलं. त्यांनी नळी उचलली आणि आधीच भिजवलेल्या रोपांना पाणी घालायला लागल्या, आमच्याकडे पाठ करून. पोर त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "आत्या, उंदीर नव्हता, मीच चावत होते, सांगितलं नाही, सॉरी." ताईंनी नळी सोडून दिली. तिला उराशी धरलं आणि धरूनच राहिल्या. पोर त्यांच्या मिठीत ताठ उभी होती, हात खाली सोडून. तिला अजून घरी पोचायचं होतं ना.

बस स्टॉप गावाबाहेर, एक पत्रा आणि एक सिमेंटचा बाक. बाकावर एक म्हातारा पोत्याला टेकून बसला होता आणि एक बाई मोबाईल बघत होती. पोर माझ्याशेजारी बसली, पाय जुळवून. बस दिसायच्या आधी तिने विचारलं, "आता?"

मी म्हटलं, "आता."

पण येईना. ती बसून राहिली, ओठ हलवून बघितले, खांदे उचलले. मला वाटलं, संपलं, पोरीचं ते कायमचंच बंद झालं माझ्यासारखं. मग तिने पिशवीची चेन उघडायला घेतली, तिला पाण्याची बाटली हवी होती, आणि चेनमध्ये स्वेटर अडकला. एकदा ओढली, दोनदा ओढली. तिचा चेहरा लाल व्हायला लागला.

आणि मग सुट्टीभराचं सगळं बाहेर पडलं. पत्रा वाजला त्या आवाजाने. बाटली रस्त्यावर, चप्पल रस्त्यावर, स्वेटर धुळीत. ती बाकावरून खाली पडली आणि पडल्या पडल्या लाथा मारायला लागली. म्हाताऱ्याने पोतं ओढून घेतलं. ती बाई मोबाईलमधून मान वर काढून म्हणाली, असले लाड करायचे नसतात. मी तिला म्हटलं, बाई, तुमचा फोन बघा. ती फोन बघायला लागली.

मी पोरीजवळ खाली बसले आणि चेहरा आपोआप साधा झाला. भुवया, ओठ, सगळं आपापल्या जागी. तिने ते पाहिलं आणि तिचा आवाज फाटला. "असं नको बघू," ती किंचाळली, "असं नको ना बघू," आणि माझ्या मनगटाला चावली. नेहमीसारखं नव्हतं ते. सोडतच नव्हती.

"दुखतंय मला," मी ओरडले. "भिंगरे, सोड, दुखतंय."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. रागाने भरलेला होता. मी तिचा दंड धरून तिला ओढून बसवलं, मला खरंच संताप आला होता, चाव्याचा, त्या बाईचा, लिफ्टवाल्याचा, साऱ्या महिन्यांचा. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मला थांबवता येईना. पोर लगेच गप्प झाली असं काही नाही. पुष्कळ वेळ रडली, ओरडली, मधे दोनदा पुन्हा लाथ मारली. बस आली, ड्रायव्हरने आम्हा दोघींकडे बघितलं, मी हाताने जा म्हणून खूण केली. म्हातारा आणि बाई चढून निघून गेले.

मग हळूहळू तिचे हुंदके लांब लांब झाले. ती माझ्या समोर धुळीत बसली होती, नाक वाहत होतं, एक पाय अनवाणी. ती नेहमीचा प्रश्न विचारेल म्हणून मी वाट बघत होते. तिने माझ्या मनगटावरच्या दातांच्या खुणांकडे पाहिलं आणि दुसरंच विचारलं.

"तू रागावलीस?"

नाही म्हणायचं असतं अशा वेळी. शांतपणे, कमी शब्दांत. मी नाही म्हणणारच होते.

"हो," मी म्हटलं. "खूप रागावलेय."

तिने पुढे होऊन मातीच्या हातांनी माझा चेहरा धरला आणि जवळून, अगदी नीट पाहिला, आधी डोळे, मग ओठ.

"खरंच?"

"खरंच."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिथेच माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.